चौदा प्रश्नांचं यंत्र

ता. २, सोमवार

ही वही लेकीच्या हुकमावरून सुरू करतो आहे. ती ज्या कंपनीत आहे तिथे तिचं काम एवढंच, की एखादी वस्तू बनवायच्या आधी लोकांना जाऊन विचारायचं. याचा तिला पगार मिळतो. काल फोनवर मी तिला माझ्या यंत्राची कल्पना सांगितली, तर म्हणाली, "बाबा, आधी तपासून बघा, मग बनवा. आणि रोज जे होईल ते लिहून ठेवा, चांगलं-वाईट दोन्ही." वाईट होण्याचं कारण दिसत नाही, पण लिहितो.

मी घड्याळं दुरुस्त करतो. बत्तीस वर्षं झाली. पूर्वी दुकानात उभं राहायला जागा नसायची. आता लोक वेळ फोनवर बघतात आणि माझ्याकडे येतात ते सेल बदलायला, नाहीतर पट्ट्याला भोक पाडून घ्यायला. शेजारच्या मोबाईलवाल्याला दुकान वाढवायचंय, म्हणून माझा गाळा हवा आहे. तीस तारखेपर्यंत काय ते सांगा म्हणाला. गाळा दिला तर जे हाती येईल त्यात प्लास्टिकच्या साचेवाल्याकडे पहिली पाचशे यंत्रं बनवायला टाकता येतील. यंत्र चाललं तर प्रश्नच मिटला. नाही चाललं तर गाळाही गेला आणि यंत्रही गेलं, आणि या वयात मी दुसऱ्याच्या दुकानात स्टुलावर बसायला जाणार नाही. गाळा माझ्या आणि सौ.च्या नावावर आहे. सहीचं काही अडणार नाही, ती करेल.

यंत्राविषयी थोडक्यात. माणूस वस्तू हरवत नाही, क्रम हरवतो. घड्याळ उघडलं की मी एकेक भाग क्रमाने मांडत जातो, म्हणून आजवर माझा एक स्क्रू हरवलेला नाही. माणसालाही नीट प्रश्न विचारले तर त्याचा क्रम परत लावून देता येईल. असे चौदा प्रश्न मी तयार केले आहेत. भिंतीवर एक डबा, डब्याला एक बटण. बटण दाबलं की डबा एकेक प्रश्न विचारणार आणि चौदाव्यापर्यंत वस्तू सापडलेली असणार. हे सुचलं मागच्या महिन्यात, चिमटा शोधत होतो तेव्हा. मी तो शब्दकोशात खूण म्हणून घातला होता. सौ.ने सांगितलं. पण ऊठसूट तिला हाका मारणं बरं दिसत नाही, तिलाही तिची कामं असतात.

ता. ७, शनिवार

पाच दिवसांत दुकानात आलेल्या एकतीस जणांना यंत्र समजावून सांगितलं आणि विचारलं, "असं यंत्र आलं तर आवडेल का?" तीस जण हो म्हणाले. त्यातले निम्मे म्हणाले, "वा, काय डोकं आहे." एकटा पोस्टमन म्हणाला, "मला नको बुवा." त्याला बहुधा नीट ऐकू आलं नसावं. त्याच्यापुढे "माहिती अपुरी" असं लिहिलं.

तीस भागिले एकतीस. घड्याळसुद्धा याहून अचूक चालत नाही. साचेवाल्याला फोन करून ठेवला.

ता. ८, रविवार

लेकीला आकडा कळवला. वाटलं होतं, पोरगी खूश होईल. तिने आकडा परत सांगायला लावला. मग म्हणाली, "बाबा, या एकतीस जणांची घड्याळं कुठे आहेत?"

"कुठे म्हणजे? माझ्या खणात. दुरुस्तीला दिलीत त्यांनी."

"आणि पोस्टमनचं?"

"तो घड्याळ वापरत नाही. टपाल द्यायला आला होता."

"बाबा, ज्याचं घड्याळ तुमच्या खणात उघडून पडलंय तो तुम्हाला तोंडावर नाही म्हणेल का हो?"

विचार केला तर मुद्दा तितकासा चुकीचा नाही, पण बोलण्याची पद्धत अगदी तिच्या आईची.

पुढे तिने नियम सांगितले. "आवडेल का" असं विचारायचंच नाही. मागच्या वेळी वस्तू हरवली तेव्हा काय केलं ते विचारायचं. बनवायच्या आधी खोटं यंत्र करून बघायचं, म्हणजे डब्यात काहीच नसतं आणि पलीकडून एक माणूस यंत्राच्या आवाजात बोलतो. मोठमोठ्या कंपन्या असंच करतात म्हणे. आणि किती यश मिळालं तर पुढे जायचं, तो आकडा चाचणीच्या आधीच लिहून ठेवायचा, नंतर फिरवायचा नाही. लिहितो: दहापैकी सहा वस्तू यंत्राने शोधल्या तर गाळा द्यायचा. सहाच्या खाली आलं तर नाही.

खालच्या ओळीवर मी सहीसुद्धा केली आहे.

ता. १०, मंगळवार

नव्या पद्धतीने दहा जणांना विचारलं, तेही ज्यांचं घड्याळ माझ्याकडे नाही अशांना, रस्त्यात गाठून. मागच्या वेळी काही हरवलं तेव्हा काय केलंत? सात जण म्हणाले, बायकोला विचारलं. दोघे म्हणाले, आईला विचारलं. एक बाई म्हणाल्या, "मी कुणाला विचारणार, मीच शोधलं."

म्हणजे या कामासाठी बाजारात एकही यंत्र उपलब्ध नाही. प्रतिस्पर्धी शून्य.

दुपारी डबे केले. जुन्या भिंतीवरच्या घड्याळांच्या तीन पेट्या घेतल्या, तबकडी काढली, आत साधा फोन बसवला. बटण दाबलं की थेट सौ.च्या फोनवर लागतो. यंत्राचं काम तीच करणार आहे. मीच केलं असतं, पण मला दुकान आहे.

ता. ११, बुधवार

सौ.ला शिकवलं. मागच्या खोलीत टेबल, खुर्ची, समोर भिंतीवर चौदा प्रश्न मोठ्या अक्षरांत. आवाजात भावना नको, शब्द सुटे-सुटे, स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही. "प्रश्न एक. वस्तूचा प्रकार सांगा. प्रश्न दोन. वस्तूचा रंग सांगा. प्रश्न तीन. वस्तू शेवटची किती वाजता पाहिली ते सांगा."

"किती वाजता पाहिली ते आठवत असतं तर त्यांनी यंत्राला विचारलं असतं का?" सौ.

मी म्हटलं, तू यंत्र आहेस, यंत्र शंका काढत नाही. तिने बरं म्हटलं. आवाज मात्र चांगला लागतो तिचा. लग्नाआधीपासून ती एका इस्पितळात केसपेपर सांभाळायची, फोनही घ्यायची. लेक झाली तेव्हा सोडलं. सोड असं मी म्हटलं नव्हतं, घरी कुणीतरी हवं एवढंच म्हटलं होतं.

ता. १२, गुरुवार

चाचणी सुरू. डबे तीन ठिकाणी लावले. एक मोठ्या बाईंकडे, म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्याच राहतात. दुसरा शिवणवाल्या ताईंकडे. त्यांचा मुलगा परदेशी असतो. तिसरा कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. तिघांपैकी कुणाचंही घड्याळ माझ्याकडे नाही, हे आधी तपासलं.

ता. १३, शुक्रवार

दोन दिवसांत बारा वेळा बटण दाबलं गेलं. सापडल्या दोन वस्तू. त्यातली एक विचारणाऱ्याच्या हातातच होती. आठव्या प्रश्नाला डॉक्टर म्हणाले, "हे माझ्या वडिलांच्या जन्मगावाचं काय?" तो प्रश्न स्मरणशक्ती जागी करायला घातला होता. सुरुवातीला असं व्हायचंच.

ता. १४, शनिवार

शिस्तभंग. शिवणवाल्या ताईंची बारीक कात्री सापडेना. मी दुकान लवकर बंद करून आलो होतो आणि दारातून ऐकलं. दुसऱ्या प्रश्नालाच यंत्राने विचारलं, "ताई, मधे मुलाचा फोन आला होता का हो?" हो. "मग तुम्ही खिडकीशी गेला असाल, तिथेच रेंज येते ना तुमच्याकडे. खिडकीच्या कठड्यावर बघा बरं." कात्री तिथेच.

मी सौ.ला म्हटलं, हा प्रश्न यादीत नाही. ती म्हणाली, "कात्री सापडली ना?" मी म्हटलं, प्रश्न सापडण्याचा नाही, पद्धतीचा आहे. ती हसली. यंत्राला हसू येता कामा नये हेही परत सांगितलं.

ता. १६, सोमवार

आज अकरा वेळा बटण. अकराही सापडल्या. डॉक्टरांच्या कपाटाची किल्ली धुवायला दिलेल्या कोटाच्या खिशात निघाली. मोठ्या बाईंचं पेन्शनचं पुस्तक वर्तमानपत्राच्या रद्दीत. सौ.ने त्यांना विचारलं होतं, "बाई, सकाळी कुणाचा राग आला होता का?" आला होता, रद्दीवाल्याचा.

प्रश्न यादीबाहेरचे असले तरी यंत्राची मूळ कल्पना माझीच असल्याने यश यंत्राच्या खात्यावर धरतो आहे.

ता. १७, मंगळवार

सौ.ने कळवलं की यंत्र दुपारी एक ते तीन बंद राहील. कारण विचारलं. यंत्राला जेवायचं असतं आणि पाठ टेकायची असते, म्हणाली. दुरुस्तीची वेळ म्हणून नोंद केली.

ता. १९, गुरुवार

मोठ्या बाईंची विसरण्याची क्षमता असामान्य आहे. एका दिवसात आठ वेळा. चष्मा, पेन, दुसरा चष्मा, किसणी, परत पेन. आदर्श ग्राहक. पाचशेपैकी दोन यंत्रं तर त्यांनाच लागतील.

एक वस्तू शोधायला यंत्राला सरासरी चार मिनिटं लागत होती, ती आता बावीसवर गेली आहेत. वस्तू पहिल्या तीन मिनिटांत सापडते, पुढे काय चालतं कळत नाही. मागच्या खोलीतून हसण्याचा आवाज येतो. काल सौ. शिवणवाल्या ताईंना काहीतरी सांगत होती आणि सांगता सांगता गप्प झाली आणि पलीकडून ताई बोलत राहिल्या. माझ्याशी बोलताना ती इतका वेळ लावत नाही. पण माझ्याकडे बटण नाही, हेही खरं.

संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं. सांगितलं, तर म्हणाली, "अय्या, राहिलंच की." आणि गुणगुणत मीठ घेऊन आली. इतक्या वर्षांत तिला गुणगुणताना ऐकल्याचं आठवत नाही. निदान अलीकडे तरी नाही.

ता. २१, शनिवार

चाचणी संपली. एकूण साठ वेळा बटण, सत्तेचाळीस वस्तू सापडल्या. दहाला जवळपास आठ. ठरवलेला आकडा सहाचा होता. मी आकडा फिरवलेला नाही, तो आपणहून वर गेला आहे.

मोबाईलवाल्याला हो म्हटलं. त्याने लगेच करारनामा टाईप करून दिला. दोन्ही सह्या झाल्या की सोमवारी, तीस तारखेला, नोंदणी. माझी सही तिथेच केली. घरी येऊन कागद सौ.पुढे ठेवला आणि इथे सही कर म्हटलं. तिने हात पदराला पुसले, कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाली, "असू दे, वाचून बघते." वाचण्यासारखं त्यात काही नाही, छापील आहे.

ता. २२, रविवार

लेकीला सत्तेचाळीस सांगितले. तिने विचारलं, "पहिल्या दोन दिवसांत किती?"

"ते सुरुवातीचे दिवस होते."

"बाबा, किती?"

"बारात दोन."

"आणि चौदा प्रश्न फक्त त्याच दोन दिवसांत विचारले गेले ना? म्हणजे तुमच्या यंत्राने बारात दोन शोधल्या. बाकीच्या आईने शोधल्या." मग म्हणाली, "साचेवाला पाचशे डबे देईल हो बाबा. पाचशे आया कुठून आणणार?"

मी म्हटलं, माझ्या कामात तुझ्या वयाएवढी माझी वर्षं झालीत आणि वर आणखी सहा. ती म्हणाली, वर्षांचा प्रश्नच नाही. मी फोन ठेवून दिला. आपल्याच पोरीकडून पाणउतारा करून घ्यायला मी वही लिहायला घेतली नव्हती.

ता. २५, बुधवार

तीन दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, लिहायची इच्छा नव्हती. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

खरं लिहायचं तर दोन दिवस बसून मी चौदाचे चाळीस प्रश्न केले. मुलाचा फोन आला होता का, कोट धुवायला दिला होता का, राग आला होता का, सगळे घातले. मग ते स्वतःवर चालवून पाहिले. मला मुलगा नाही, मी कोट घालत नाही, आणि राग आला होता पण वस्तू हरवली नव्हती. म्हणजे मोठ्या बाईंचा प्रश्न डॉक्टरांना चालत नाही आणि डॉक्टरांचा ताईंना चालत नाही. कोणता कुणाला विचारायचा, ते डब्याला कसं कळणार, ते अजून सुटलेलं नाही. सुटेल. पाचशे यंत्रं विकेपर्यंत सुटेल.

आज सौ.ला विचारलं, सही केलीस का? ती म्हणाली, "कागद कुठे ठेवला कोण जाणे. दिसत नाही."

ता. २६, गुरुवार

कागद सापडत नाही. मी टेबल, कपाट, गादीखाली, देवाणघेवाणीच्या फायली, सगळं उलटंपालटं केलं. चार दिवस राहिले आहेत. जी बाई दुसऱ्याच्या घरातली कात्री फोनवरून शोधते तिला आपल्याच घरातला कागद दिसू नये, याचं नवल वाटतं. वय होत चाललंय तिचं.

शेवटी डॉक्टरांकडून काढून आणलेला डबा होता, त्याचं बटण दाबलं. यंत्र मी पहिल्यांदाच वापरलं. मागच्या खोलीत फोन वाजला. सौ.ने उचलला.

"प्रश्न एक. वस्तूचा प्रकार सांगा."

"करारनामा."

"प्रश्न दोन. वस्तूचा रंग सांगा."

"पांढरा. अगं, तुला माहीतच आहे."

"प्रश्न तीन. वस्तू शेवटची किती वाजता पाहिली ते सांगा."

चौदाच्या चौदा प्रश्न तिने विचारले, एकही अक्षर इकडचं तिकडे न करता, आवाजात कसलीही भावना न आणता. वडिलांचं जन्मगावसुद्धा विचारलं, जे तिला पाठ आहे. चौदावा झाल्यावर म्हणाली, "वस्तू सापडली नाही. धन्यवाद," आणि फोन ठेवला.

यंत्र मी लिहून दिलं होतं त्याबरहुकूम चाललं. नोंद: प्रयत्न एक, यश शून्य.

ता. २७, शुक्रवार

लेकीच्या नियमांत शेवटचा नियम असा की चाचणी संपल्यावर लोकांना खरं सांगायचं, फसवून ठेवायचं नाही. आज तिघांकडे जाऊन आलो. डब्यात यंत्र नव्हतं, माझी मंडळी बोलत होती, क्षमा असावी, असं पाठ करून गेलो.

मोठ्या बाई म्हणाल्या, "ते मला पहिल्या शनिवारीच कळलं. यंत्र मला म्हणालं, बाई, आधी पाणी प्या."

"मग तुम्ही बटण दाबत का राहिलात?"

"तुम्ही सांगितलं होतं ना, हरवलं की दाबा. चष्मा मी स्वतःच नेऊन ठेवायचे कुठेतरी." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून डबा नसणार का हो?" मी म्हटलं, नसणार. "बरं," म्हणाल्या आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या.

म्हणजे बाईंचे सगळे आकडे रद्द. साठातून चोवीस गेले.

शिवणवाल्या ताईंनाही ठाऊक होतं. सौ.ने त्यांना लेकीच्या जन्माच्या वेळचं काहीतरी सांगितलं होतं, इस्पितळ सोडलं त्या दिवसाचं. काय सांगितलं ते मी विचारलं. ताई म्हणाल्या, "ते तुम्ही त्यांनाच विचारा." विचारण्यासारखं काय असेल त्यात, मी तर तिथेच होतो.

डॉक्टर खो खो हसले. "अहो, एकदा मधेच तुमचा आवाज आला, अगं माझा चष्मा कुठाय. यंत्र मला म्हणालं, एक मिनिट हं डॉक्टर. मग लांबून ऐकू आलं, बेसिनवर. मग परत, हं, बोला, प्रश्न पाच."

तर यंत्र म्हणजे माणूस आहे हे तिघांनाही ठाऊक होतं. पंधरा दिवस फक्त एक जण ते यंत्र समजून आकडे लिहीत होता.

डॉक्टरांनी निघताना थांबवलं आणि म्हणाले, डबा त्यांना नकोय. पण त्यांच्याकडे रुग्णांची कागदपत्रं आणि फोन सांभाळायला माणूस टिकत नाही. वहिनी आल्या तर त्यांना हव्या आहेत, पगारावर, पहिल्या तारखेपासून. "मी त्यांना कालच फोन केला होता," म्हणाले. "त्या म्हणाल्या, आधी घरातला एक कागद सापडू दे, मग सांगते."

ता. २८, शनिवार

सकाळी चहाबरोबर सौ.ने कागद माझ्यापुढे ठेवला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी म्हटलं, सापडला का? ती म्हणाली, "हरवला नव्हता. मी ठेवला होता."

तिने स्वतःचा कप घेतला आणि समोर बसली. सकाळी या वेळी ती कधी बसत नाही.

"मोबाईलवाला, साचेवाला, पोस्टमन, सगळ्या गल्लीला विचारलंत तुम्ही. लेक सांगते तसं फिरून परत विचारलंत. मला नाही विचारलंत. मला म्हणालात, इथे सही कर."

"मग नाही म्हणायचं होतंस."

"आजवर कधी म्हटलंय मी? कसं म्हणतात तेच आठवेना. म्हणून ठेवून दिला." मग म्हणाली, "आता सापडलाय. तुमचं तुम्ही ठरवा. सही हवी असेल तर करते, पण मनापासून नाही करणार, एवढं सांगून ठेवते."

सही मनापासून आहे की नाही हे नोंदणी कचेरीत बघत नाहीत. मी कागद घेऊन दुकानात गेलो. दिवसभर एकही घड्याळ उघडलं नाही.

ता. २९, रविवार

दुपारी यंत्राची दोन तासांची बंद वेळ संपल्यावर मी मागच्या खोलीत गेलो आणि तिला म्हटलं, तुझी मुलाखत घ्यायची आहे. तिला वाटलं, चेष्टा करतो आहे. मी कोरा फॉर्म काढला, वरती क्रमांक पंचेचाळीस लिहिला. एकतीस, दहा आणि तीन जण आधी झाले होते.

नियमाप्रमाणे विचारलं, "शेवटची तुझी कोणती वस्तू हरवली? तेव्हा तू काय केलंस?"

"माझी?" म्हणाली. बराच वेळ टेबलावरून हात फिरवत राहिली. "कानातलं. आईने दिलेलं, खड्याचं. एकाचा फिरकीचा आटा गेला होता, पडलं कुठेतरी."

"कधी?"

"मागच्या वर्षीच्या आधी. दीड वर्ष होईल."

"तेव्हा काय केलंस?"

"शोधलं. दोन दिवस शोधलं. कुणाला विचारणार? मग उरलेलं एकच घालून आठ दिवस हिंडले घरात, कुणाच्या लक्षात येतंय का बघायला. मग तेही काढून ठेवलं."

मी तिच्या कानांकडे बघितलं. भोकं आहेत, रिकामी. मी डोळ्याला भिंग लावून दिवसभर केसाएवढे स्क्रू बघतो. फिरकीचा आटा तर मी दोन मिनिटांत करून दिला असता, रोज परक्या लोकांची तसली कामं करतो. लक्षात आलं होतं पण बोललो नाही, असं म्हणणार होतो. पण मुलाखतीत खोटं लिहायचं नसतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं. आठही दिवस आलं नव्हतं, आणि त्यानंतरच्या दीड वर्षात एकदाही नाही. मला फार लाज वाटली. हे लेकीला वाचायला देणार नाही.

फॉर्मवर पुढचा रकाना असतो, "आता काय हवं आहे?" तोही विचारला.

"गाळा राहू दे," म्हणाली. "तुम्ही तिथे बसलेले असता तेव्हा बरे असता. आणि मला डॉक्टरांकडे जायचंय. सकाळी नऊ ते पाच. तुमचा चष्मा तुम्हाला शोधावा लागेल."

जसंच्या तसं लिहून घेतलं. तिने फॉर्म वाचून बघितला आणि खाली, न सांगता, सही केली.

ता. ३०, सोमवार

मोबाईलवाल्याला नाही सांगितलं. तो म्हणाला, शब्द दिला होतात. मी म्हटलं, दिला होता, मी न विचारता दिला होता. त्याला काही कळलं नाही. दोन दिवस तोंड वाकडं करेल, मग सेल मागायला येईल. साचेवाल्यालाही कळवलं. दोन डब्यांतले फोन काढून ठेवले. मोठ्या बाईंकडचा मात्र काढला नाही. सौ. म्हणाली, तो माझा आहे, असू दे, एक ते तीन तेवढं बंद.

ठरवलेला आकडा दहापैकी सहा होता, चौदा प्रश्नांनी दहात दोनसुद्धा गाठले नाहीत. यंत्र बनवायचं नाही. लेकीला फोन करून सांगितलं. मी कशासाठी फोन केला ते तिला आधीच ठाऊक असावं, कारण ती लगेच म्हणाली, "आई कशी आहे?" मी म्हटलं, उद्यापासून कामावर जातेय, बॅग आवरून ठेवलीय. लेक रडायला लागली. का ते मी या खेपेला विचारलं.

दुकान चारलाच बंद करून घरी आलो आणि भिंग लावून शोधायला बसलो. कपाटाखाली पाहिलं, फरशीच्या सांधी पाहिल्या, बेसिनचा पाईप उघडला. सौ. दारात उभी राहून म्हणाली, "अहो, दीड वर्ष झालं, आता काय सापडणार आहे?" पण गेली नाही, तिथेच उभी राहून, पडलं त्या दिवशी सकाळपासून काय काय केलं होतं ते एकेक सांगत राहिली. अजून सापडलेलं नाही. पलंग राहिला आहे. तो एकट्याने हलत नाही, उद्या ती पाचला आली की दोघे मिळून हलवू.